बरं वाटणं आणि बरं होणं (गीता ६.१६-१७)



आजचा अभ्यास: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७.

दोन्ही श्लोक आपल्या परिचयाचे आहेत. सोळाव्यात भगवंत अर्जुनाला सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. सतराव्यात तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने येते: ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचा योग दुःख दूर करतो. या मापासाठी श्लोकात शब्द आहे ‘युक्त’.

‘युक्त’ म्हणजे नुसतं ‘बॅलन्स ठेवा’ असं म्हटलं तर ते व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखं वाटतं. या शब्दाला किती धार आहे, ते मला मानेच्या ऑपरेशननंतर दिसलं. माझ्या पाचव्या आणि सहाव्या मणक्याचं फ्युजन होऊन आता आठ महिने झाले. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच दिवसभर स्क्रीनसमोर असता, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते पाहू. मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब आला की हातात कळ जाते, बोटं बधिर होतात, पकड सैल पडते. औषधं आणि फिजिओथेरपीने भागलं नाही, किंवा थेट मज्जारज्जूवर दाब असला, तर सर्जन गळ्याच्या पुढच्या बाजूने जाऊन ती गादी काढतात. तिच्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा केज बसवतात आणि बहुतेक वेळा टायटॅनियमची पट्टी स्क्रूने लावतात. रॉबिन्सन आणि स्मिथ या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत १९५५ साली मांडली. हेतू एकच: दोन मणके जुळून एक हाड व्हावं.

आता खरा पेच. दाब गेला की हातातली कळ बऱ्याच जणांची एक-दोन दिवसांतच कमी होते. बधिरपणा आणि गेलेली ताकद सावकाश सुधारते, कधी थोडं मागे राहूनही जातं. हाड जुळायला मात्र साधारण तीन महिने ते एक वर्ष लागतं. म्हणजे बरं *वाटायला* दोन दिवस, बरं *व्हायला* वर्ष. सगळा धोका या दोन्हींच्या मधल्या काळात आहे.

पनवेलकरांना हे समजायला लांब जायला नको, आपल्याकडे जिकडेतिकडे बांधकाम चालूच असतं. स्लॅब ओतला की दुसऱ्या दिवशी तो टणक दिसतो. तरी खालचं सेंटरिंग कोणी काढत नाही, वर पाणी मारत राहतात, आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. मानेतली पट्टी म्हणजे हे सेंटरिंग. हाड जुळेपर्यंत ती धरून ठेवते. हाड जुळलंच नाही, तर पुढे कधीतरी धातूही थकतो.

मग वर्षभर पडून राहायचं का? तेही नाही. हाडावर जसा भार येतो तसं ते घडत जातं, हे जर्मन सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं. भारच नसला तर हाड विरळ होतं, आणि अति भार आला तर जोड हलतो. सोळाव्या श्लोकातली दोन टोकं हीच. त्यामुळे डॉक्टरांचा डिस्चार्जचा कागद मी सतराव्या श्लोकाच्या क्रमाने वाचला.

आहार. पहिले काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. पेज, मऊ भात, वरण, एकेक छोटा घास. नंतर डाळी, दूध, पनीर पोटात जायला हवं. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद, मिश्रीसुद्धा. निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणू नका, सूज कमी करणाऱ्या काही गोळ्या सुरुवातीला टाळायला सांगतात. आणि या काळात निर्जळी एकादशीचा हट्ट नको. अजिबात न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, हे भगवंतांनीच सांगून ठेवलंय.

विहार. चालणं बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आणि तेच मुख्य औषध. आधी घरातल्या घरात, मग बिल्डिंगखाली, मग वडाळे तलावाच्या कडेने दहा मिनिटं, पुढच्या आठवड्यात पंधरा. पाण्याची भरलेली बादली, सिलिंडर, प्रवासी बॅग उचलायची नाही. सुरुवातीची मर्यादा साधारण दोन-तीन किलोंची असते. कॉलर घालायची की नाही आणि किती दिवस, हे प्रत्येक सर्जन केस पाहून ठरवतात. कॉलर आहे किंवा गुंगी आणणारी गोळी चालू आहे, तोवर गाडी चालवायची नाही.

कर्म. बैठं काम असेल तर बरेच जण दोन ते सहा आठवड्यांत परततात, तेही आधी अर्धा दिवस. पनवेलहून ठाणे लोकल सुटते म्हणून सकाळी ऐरोलीला जाताना बसायला मिळतं. खरी परीक्षा संध्याकाळच्या गर्दीतल्या धक्क्यांची. म्हणून मी लवकर निघायची वेळ मागून घेतली. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर हवा. डोक्याचं वजन साधारण पाच किलो. न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती मॉडेलने काढलं की मान ६० अंश पुढे झुकली की मानेवर येणारा भार सुमारे २७ किलो होतो. याच अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भगवंत शरीर, डोकं आणि मान एका रेषेत ठेवायला सांगतात. तो श्लोक ध्यानाच्या आसनाचा आहे, पण मोबाईल बघतानाही आठवायला हरकत नाही.

सगळ्यांचं कर्म सारखं नसतं, हेही लक्षात ठेवू. वाशीच्या बाजारातल्या माथाडी कामगाराचं पोटच माथ्यावरच्या पोत्यावर आहे. त्याच्यासाठी ‘कामावर परत’ म्हणजे बहुधा वेगळं काम शोधणं. आपल्याला नुसती खुर्ची बदलावी लागते, ही कृपाच म्हणायची.

झोप आणि जागणं. उशी अशी की मान ना वर उचलली जाईल ना मागे लोंबकळेल. उठताना थेट उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन बसायचं. रात्री जागून रिलीज करणं मी तेव्हापासून टीममध्ये वाटून घेतलंय.

आणि हे मात्र मापात बसत नाही: ताप, जखमेतून स्राव, वाढत जाणारा गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास, हातापायात नव्याने आलेली कमजोरी, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. यापैकी काहीही झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मला सर्वांत जड गेलं ते दुखणं नव्हतं. चार वर्षांची मुलगी हात वर करून “बाबा, उचल ना” म्हणायची आणि मला उचलता यायचं नाही. मग मी खुर्चीत बसायचो आणि ती स्वतः मांडीवर चढायची. देवघराचंही तसंच. साष्टांग नमस्कार बंद, वाकणं बंद, हरिपाठ म्हणायला आवाज नाही. ताठ मानेने देवापुढे उभं राहायचं आणि फक्त हात जोडायचे. सुरुवातीला ते उद्धटपणासारखं वाटे. पण देव काही मानेचा कोन मोजत नाही. जेवढं आज झेपतं तेवढंच, पण रोज आणि मनापासून, हाही नमस्कारच.

फ्युजननंतर मान पूर्ण आखडते, ही भीती मात्र काढून टाका. मान वळवण्याची जवळजवळ निम्मी हालचाल वरच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये असते. खालचा एक सांधा जुळला तर रोजच्या व्यवहारात फारसा फरक जाणवत नाही. पण शेजारच्या सांध्यांवर ताण वाढू शकतो. १९९९ साली हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी ३७४ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात शेजारच्या भागात नव्याने त्रास सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे २.९ टक्के निघालं. म्हणून माप हे तीन महिन्यांचं पथ्य नाही, ते कायमचं आहे.

साधनेतही हेच होतं. एक कीर्तन ऐकलं, एक वारी केली की छान *वाटतं*. आतला जोड पक्का *व्हायला* रोजचं थोडं-थोडं लागतं. तोवर नियम हे आपलं सेंटरिंग. बरं वाटलं म्हणून ते काढायचं नाही, आणि त्यालाच इमारत समजून नुसतं बसायचंही नाही.

आजचा अभ्यास: खाणं, फिरणं, काम, झोप. या चारांपैकी तुमचं कोणतं अति होतंय आणि कोणतं अगदीच कमी, ते एका ओळीत लिहा. फक्त एकच आठवडाभर मापात आणून बघा. मानेचा त्रास असेल तर हे वाचून थांबू नका, आपल्या डॉक्टरांना दाखवा.

उद्या श्लोक अठरावा.

राम कृष्ण हरी.