नातीचे श्रवण

प्रश्न : नात नऊ महिन्यांची आहे. ताट वाजविले की दचकते, पण हाकेला वळत नाही. तिचा बापही उशिराच बोलला, म्हणून थांबावे असे घरची मंडळी म्हणतात. आपला सल्ला काय?
— एक आजोबा, कराड

उत्तर : थांबू नये. ताटाने दचकणे हा श्रवण शाबूत असल्याचा दाखला नव्हे. कारण मध्यम प्रतीचे श्रवणवैगुण्य असलेले मूलही इतक्या मोठ्या आवाजाने दचकते, परंतु भाषणातील सकारासारखी सूक्ष्म व्यंजने त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. निरोगी अंतःकर्ण स्वतःही अतिमंद ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केम्प या संशोधकाने १९७८ साली दाखविले, आणि त्यावर आधारलेली ओएई चाचणी निजलेल्या बालकावर काही मिनिटांत होते. मात्र श्रवणनाडीचा दोष तिच्यातून निसटू शकतो, सबब श्रवणनाडी तपासणारी बेरा चाचणीही करावी.

घाईचे कारण असे की, १९९८ साली योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी कोलोरॅडोत केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान होऊन उपचार लाभलेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस आढळली. तो टप्पा उलटला म्हणून हताश होण्याचे कारण नाही. पुढे दवडलेला महिना मात्र महागात पडतो.

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या मुलखात जुनी आहे, तेव्हा आईबाप नात्यातले असल्यास तेही वैद्यांना निःसंकोच सांगावे. कारण उत्तम ऐकणाऱ्या, पण नात्यातल्या दोघांकडूनही तोच सुप्त दोष अपत्यात उतरू शकतो. प्रथम कराडातच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि पुढील तपासणीची गरज पडल्यास वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहेच.