झिपलाइनची तार: क्लिप कुठल्या बाजूला?

शिक्षक-पालक मित्रहो, सहलीत मुलं झिपलाइनच्या रांगेत उभी राहिली की आपण हेल्मेट बघतो, पट्टे बघतो. तार खांबाला कशी बांधलीय, तिकडे नजरच जात नाही. मीही आधी बघत नव्हते.

वायर रोपला गाठ मारत नाहीत. गाठीत तारा मुडपतात आणि ताकद खूप घटते. टोक थिंबल नावाच्या खोबणीदार धातूच्या कडीभोवती वळवून मागे आणतात आणि क्लिपांनी आवळतात. क्लिपचे भाग दोन: 'यू' आकाराचा बोल्ट आणि त्याखालचं खाचांचं खोगीर. खोगीर कायम भार घेणाऱ्या तारेवर हवं, बोल्टचा वाक मोकळ्या टोकावर. उलटं बसवलं तर बोल्ट भाराच्या तारेतच रुततो. एक क्लिप अशी, एक तशी लावणंही चूकच, दिसायला कितीही छान दिसो!

१२ मिमी तारेला किमान ३ क्लिपा. दोन क्लिपांत जाडीच्या सहापट, म्हणजे ७२ मिमी अंतर. (गुणाकाराला मी हेच उदाहरण घेते.) ताण आल्यावर तार किंचित बारीक होते, म्हणून पहिल्या भारानंतर नट पुन्हा आवळावे लागतात. ते कधी आवळले, हे तिथल्या माणसाला बिनधास्त विचारा.

आणि तार मध्येच क्लिपांनी जोडलेली दिसली तर मुलांना बसवूच नका. कप्पी तिथे अडकते.