लेखाखाली नाव कुणाचं?

संस्थेच्या स्मरणिकेचं काम अंगावर आलं की पहिल्याच बैठकीत तक्ता आखा: विषय, लिहिणार कोण, माहिती कोण देणार, तपासणार कोण आणि खाली नाव कुणाचं. शेवटचा रकाना ‘नंतर बघू’ म्हणून मोकळा सोडू नका. छपाईच्या घाईत तो ज्येष्ठतेनुसार भरला जातो.

मग शब्द ठरवा. स्वतःच्या डोक्यानं लिहिलं ते ‘लेखन’, दुसऱ्यानं सांगितलेलं कागदावर उतरवलं ते ‘शब्दांकन’, जुन्या अहवालांतून वेचलं ते ‘संकलन’. खरी पंचाईत अध्यक्षांच्या मनोगताची. अध्यक्षांनी अर्धा तास बसून मुद्दे सांगितले असतील तर वर त्यांचं नाव, खाली शब्दांकन करणाऱ्याचं. मुद्देही लिपिकाचेच असतील तर मनोगत म्हणू नका. ‘संस्थेची वाटचाल’ असा मथळा देऊन लिपिकाचं नाव टाका. साहेबांची सहसा हरकत नसते, असते ती त्यांच्या स्वीय सहायकाची.

तपासणीत आकडे, तारखा, पदनामं विभागप्रमुखानं पाहावीत. त्यानं वाक्यं बदलायची नाहीत, शंका समासात पेन्सिलीनं लिहायची: ‘सभासद ४,२०० की ४,०२०? अहवाल पाहा.’ भाषा संपादकाकडे. तपासणाऱ्यांची नावं शेवटी ‘साहाय्य’ म्हणून एकत्र द्या, लेखकाच्या शेजारी नकोत.

दुरुस्त प्रत लेखकाकडे परत गेलीच पाहिजे. त्यावर ‘वाचलं, नाव द्यावं’ अशी तारखेसह सही घ्या. एका स्मरणिकेत माझ्या लेखात संचालकांच्या स्तुतीचा एक परिच्छेद घुसला होता. मला तो छापील अंकातच भेटला, खाली नाव माझंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची मालकी, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे संस्थेची असते. पण ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा आणि नावाला बट्टा लावणाऱ्या फेरफारांना आक्षेप घेण्याचा हक्क कलम ५७नं लेखकाकडेच ठेवला आहे.

नाव लेखाच्या शेवटी छापा, मराठी विश्वकोशाच्या नोंदींखाली असतं तसं. पदनाम नको, बढती झाली की ते शिळं होतं.

अंक निघाला की तक्ता आणि सह्यांच्या प्रती एकाच फाइलला लावा. पुढच्या वर्षी तोच मजकूर माहितीपत्रकात घेताना नाव गळतं ते बहुधा ही फाइल कुणी उघडत नाही म्हणून. तेव्हा माहितीपत्रक करणाऱ्याच्या हाती मजकुराबरोबर तीही द्या.