मोटारीची निगा

गोठ्यातील गाय भुकेली झाली म्हणजे हंबरते. बैलाच्या पायात काटा मोडला म्हणजे तो लंगडतो. अंगणातील तुळससुद्धा पाण्यावाचून कोमेजून आपली तहान सांगते. यंत्राचे तसे नसते. त्याची झीज आतल्या आत होत राहते आणि बाहेरून ते पूर्वीसारखेच धडधाकट दिसते. म्हणून मुक्या जनावरापेक्षाही यंत्राची निगा अधिक डोळसपणे राखावी लागते. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःच्या चुकीतून शिकलो. त्या चुकीची शिक्षा मात्र दुसऱ्यालाच भोगावी लागली.

२००३ सालच्या डिसेंबर महिन्यातील हा प्रसंग आहे. मी त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत मुख्याध्यापक होतो. माझ्यापाशी एक जुनी मोटार होती. कोल्हापूर येथे एक वक्तृत्वस्पर्धा भरणार होती आणि तीत भाग घेण्यासाठी आमच्या शाळेतून सातवीतील एका विद्यार्थ्याची निवड झाली होती. त्याने महिनाभर खपून भाषण तयार केले होते. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभे राहून तो ते मला म्हणून दाखवी. “सर, आणखी एकदा म्हणू का?” असे तो विचारी, आणि अंधार पडेपर्यंत आमची तालीम चाले.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे आम्ही दोघे निघालो. साखरपा मागे पडले, आंबा घाटाचा चढ सुरू झाला आणि गाडीतील फलकावर ऑइलच्या बुधल्याचे चित्र असलेला तांबडा दिवा लुकलुकू लागला. ऑइल बदलण्याची वेळ होऊन कित्येक महिने झाले होते, हे मला ठाऊक होते. ‘पुढल्या महिन्यात पाहू,’ असे म्हणत मी ते काम ढकलत आलो होतो. त्या वेळीही मी मनाशी म्हणालो, ‘एवढा घाट चढून जाऊ, मग पाहू.’ थोड्याच वेळात इंजिनातून खडखडाट ऐकू येऊ लागला, आणि एका वळणावर गाडी धक्का देऊन जागच्या जागी थांबली. पुन्हा काही ती सुरू झाली नाही.

साखरप्याहून मिस्त्री येईपर्यंत दोन तास गेले. त्याने इंजिनातील ऑइल मोजण्याची कांडी उपसून पाहिली. तिच्या टोकाला डांबरासारखा काळा चिकटा तेवढा लागला होता.

“गुरुजी, ऑइल कधी बदललं होतं?” त्याने विचारले.

मी निरुत्तर झालो. तोच पुढे म्हणाला, “इंजिन जाम झालंय. दिवा लागला तिथंच गाडी बंद केली असती, तर कदाचित वाचलं असतं.”

आम्ही मागून आलेल्या एस.टी.ने कोल्हापूर गाठले. सभागृहात पोहोचलो तेव्हा बक्षिसे वाटून झाली होती आणि शिपाई खुर्च्या आवरत होता. तो मुलगा काही बोलला नाही. त्याने खिशातील भाषणाचा कागद काढला, पुन्हा नीट घडी घातली आणि परत खिशात ठेवला. मी त्याची क्षमा मागितली. पण क्षमा मागितल्याने गेलेली वेळ परत येत नाही. ती स्पर्धा सातवीच्या विद्यार्थ्यांसाठीच होती. पुढल्या वर्षी तो आठवीत गेला.

त्या दिवशी घाटात नेमके काय घडले, ते आता आपण समजून घेऊ. मोटारीच्या इंजिनात नळकांड्यांसारखी पोकळ दालने असतात आणि त्यांत दट्ट्ये वरखाली होत असतात. इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक दट्ट्या सेकंदाला ५० वेळा वर आणि ५० वेळा खाली जातो. धातूवर धातू इतक्या वेगाने घासू लागला, तर दोन्ही तापतील, झिजतील आणि शेवटी एकमेकांना चिकटून बसतील. तसे होऊ नये म्हणून त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पापुद्रा सतत राहावा लागतो. इंजिनाच्या तळाशी साठलेले ऑइल एक पंप ओढून घेतो आणि सर्व भागांना पुरवतो. माझ्या गाडीत ऑइल आधीच तळाला गेले होते. चढावर गाडी कलंडल्यामुळे उरलेसुरले ऑइलही एका बाजूला गेले, पंपाला ते मिळेनासे झाले आणि इंजिन कोरडे पडले.

ऑइलचे काम केवळ वंगणाचे नसते. ते इंजिनातील उष्णता वाहून नेते, आतील भागांना गंज चढू देत नाही, आणि काजळी व धातूचे बारीक कण स्वतःत सामावून घेते. म्हणूनच नवे ऑइल मधासारखे पिवळसर दिसते आणि वापरलेले काळे पडते. केवळ काळे झाले म्हणून ते लगेच निरुपयोगी ठरते असे नव्हे. पण मळ सामावून घेण्याची त्याची शक्ती केव्हातरी संपते. ती संपण्याच्या आत ते बदलले पाहिजे.

मग ते केव्हा बदलावे? याचे खरे उत्तर प्रत्येक गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. पूर्वीच्या कित्येक गाड्यांना ५,००० किलोमीटरांनंतर नवे ऑइल लागे. आजच्या पुष्कळशा पेट्रोलच्या गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पुरे होईल ती मुदत दिलेली असते. ‘गाडी फारशी चालतच नाही, मग वर्षाने ऑइल कशाला बदलायचे?’ असे तुम्ही विचाराल. गाडी रोज दोनचार किलोमीटरच चालली, तर इंजिन पुरते तापत नाही. आत जमलेला पाण्याचा अंश उडून जात नाही. तो ऑइलमध्ये मिसळून त्याचा कस कमी करतो. म्हणून किलोमीटरांबरोबर महिनेही मोजावे लागतात. धुळीच्या रस्त्यांवर किंवा जड ओझे घेऊन नेहमी धावणाऱ्या गाडीचे ऑइल त्याहूनही लवकर बदलावे. त्याच वेळी ऑइल गाळणारा फिल्टरही नवा बसवावा. नाहीतर धुतलेल्या हंड्यावर मळकट गाळणे धरण्यासारखेच ते होईल.

ऑइलची पातळी पाहण्यास फार कौशल्य लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, कांडी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि बाहेर काढून पाहावी. तिच्यावरील दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसले म्हणजे ठीक. खालच्या खुणेपाशी आले असेल, तर भर घालावी. वरच्या खुणेपलीकडे मात्र भरू नये. अतिरेक येथेही वाईटच. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा ओढ्यात कधीही ओतू नये. ते पाण्यावर तवंग धरते आणि माती नासवते. ते गॅरेजमधील साठवणीच्या पिंपातच गेले पाहिजे, म्हणजे तेथून ते शुद्धीकरणासाठी पाठवता येते.

ऑइल गाडीचा आतून सांभाळ करते. बाहेरून तिला जपण्याचे काम आपल्या हातांचे आहे. मोटारीचा सांगाडा पोलादाचा असतो आणि रंग हे त्याचे चिलखत असते. रस्त्यावरचा खडा उडून रंगाचा टवका निघाला, की ओल आणि हवा पोलादापर्यंत पोहोचतात व गंज चढू लागतो. त्यात मीठ मिसळले, तर हे काम फारच झपाट्याने होते. आमच्या कोकणात समुद्रावरून येणारे वारे खारट असतात. त्यामुळे खिडक्यांचे गजसुद्धा तेथे लवकर गंजतात. मग मोटारीची काय कथा!

मोटार धुण्याचीही एक रीत आहे. ती सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. धुळीवर कोरडे फडके कधी फिरवू नये. त्या धुळीतील कण काचकागदासारखे रंग खरवडतात. आधी साध्या पाण्याने धूळ भिजवून सोडवावी. मग सौम्य साबणाच्या पाण्याने छतापासून खाली धूत यावे आणि शेवटी मऊ फडक्याने पाणी टिपावे. नळी सोडून देण्यापेक्षा बादलीने पाणी घेतले, तर गाडीही धुतली जाते आणि पाणीही वाचते. पावसाळा संपल्यावर चाकांच्या वरील पोकळीत आणि गाडीच्या पोटाखाली चिकटलेला चिखल आठवणीने काढावा. तेथे कोणाची नजर जात नाही, म्हणूनच गंज तेथे निर्धास्तपणे वाढतो.

स्पर्धा हुकलेला तो माझा विद्यार्थी आज कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहतो. त्याचे पत्र मधूनमधून येते. एकदा त्याने तेथील हिवाळ्यातील मोटारीच्या निगेविषयी लिहिले होते. बर्फ पडू लागले, की रस्त्यांवर मीठ पसरतात. साधे पाणी शून्य अंशाला गोठते. मीठ मिसळलेले पाणी त्याहून अधिक थंडीतच गोठते. त्यामुळे रस्त्यावरचे बर्फ वितळते आणि वाहने घसरत नाहीत. जे मीठ माणसांचे प्राण वाचवते, तेच मोटारीच्या पोटाला चिकटून पत्रा खाऊ लागते! म्हणून तेथील लोक ऐन हिवाळ्यातही, पारा शून्याच्या वर आला, की गाडी धुऊन घेतात आणि पाण्याचा झोत विशेषतः खालच्या बाजूने मारतात. धुतल्यावर दारांच्या रबरी पट्ट्या कोरड्या पुसाव्या लागतात. नाहीतर राहिलेले पाणी गोठून दारेच उघडत नाहीत. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “सर, ऑइल बदलण्याची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. आपला घाट आठवतो.” त्या एका वाक्याने मी पुन्हा आंबा घाटातील त्या वळणावर जाऊन उभा राहिलो.

निगेची बाकीची कामे थोडक्यात सांगतो. टायरमधील हवा महिन्यातून एकदा तरी आणि लांबच्या प्रवासापूर्वी अवश्य तपासावी. ती टायर थंड असताना तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो. टायरच्या खाचांमध्ये लहान आडव्या पट्ट्या असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आला, म्हणजे तो बदलण्याची वेळ झाली. ब्रेक लावताना खरखर ऐकू आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील उकळते पाणी उसळून हातातोंडावर येते. आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांना इंजिन नाही, त्यामुळे इंजिनाचे ऑइलही नाही. पण टायर, ब्रेक आणि गंज यांपासून त्यांचीही सुटका नाही.

मुलांनो, मोटार चालवण्याचे तुमचे वय नाही. पण तिची निगा राखण्यात तुमचा वाटा असू शकतो. घरात मोटार, स्कूटर किंवा शेतावरचा पंप असेल, तर त्याच्यासाठी एक लहानशी वही घाला. ऑइल कोणत्या दिवशी बदलले, गाडी त्या वेळी किती किलोमीटर चालली होती आणि पुन्हा केव्हा बदलावयाचे, एवढे तीत लिहा. वेळ जवळ आली, की मोठ्यांना आठवण द्या. त्या वर्षी माझ्यापाशी अशी वही असती, तर एका मुलाचे भाषण कोल्हापूरच्या सभागृहात ऐकले गेले असते.

स्वाध्याय

१. यंत्राची निगा जनावरापेक्षा अधिक डोळसपणे का राखावी लागते?
२. आंबा घाटात मोटार बंद पडण्याची कारणे क्रमाने लिहा.
३. गाडी थोडीच चालली तरी ऑइल ठरावीक मुदतीत का बदलावे?
४. मीठ उपकारक कसे आणि अपायकारक कसे, ते कॅनडाच्या उदाहरणाने सांगा.
५. ‘त्याने भाषणाचा कागद काढला, पुन्हा नीट घडी घातली आणि परत खिशात ठेवला.’ या वाक्यावरून मुलाच्या मनाची स्थिती तुमच्या शब्दांत वर्णन करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, कस कमी होणे, निर्धास्तपणे.
७. आपल्या घरातील एखाद्या यंत्रासाठी निगेची वही तयार करून वर्गात दाखवा.