एटीव्ही की साइड-बाय-साइड? रानवाटेची वाहने आणि आपली मुले

आपल्या सीमाभागातील अनेक घरांतील मुले आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाली आहेत. तेथील ग्रामीण भागात राहणारी काही मंडळी शिकारीच्या हंगामात मित्रांसमवेत रानात जातात, स्वतःची वाहने घेतात आणि सुटीत गेलेल्या आजी-आजोबांना व भाचरांना त्यांवरून हिंडवितात. इकडे गोव्यात, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूस आणि महामार्गालगतच्या काही रिसॉर्टमध्येही चार जाड चाकांची उघडी गाडी भाड्याने मिळू लागली आहे. त्यामुळे ‘यांपैकी कोणते वाहन चांगले?’ हा प्रश्न आता बालरोगतज्ज्ञाच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचला आहे. प्रश्न यंत्राचा वाटला तरी त्याचे उत्तर बरेचसे शरीरशास्त्रात आहे. म्हणूनच या स्मरणिकेतून त्याचा थोडा विचार करावयाचा आहे.

दोन वाहने, दोन बैठका

एटीव्ही म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे वाहन. त्यावर घोड्यासारखी मांड टाकून बसावयाचे असते. दिशा हँडलने बदलते, वेग उजव्या अंगठ्याने दाबावयाच्या खटक्याने वाढतो. रुंदी साधारण चार फूट आणि वजन सुमारे अडीचशे ते चारशे किलो असते. चाके कमी हवेची व फुगीर असल्याने चिखलात रुतत नाहीत. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी बनविलेल्या असतात.

साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी शेजारी बसावयाची गाडी. तिला मोटारीसारखे स्टिअरिंग आणि पायाखाली ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर असतात. सीटबेल्ट असतो, डोक्यावरून लोखंडी नळ्यांचा संरक्षक सांगाडा असतो आणि मागे सामानाचा हौदा असतो. ही गाडी अधिक रुंद, अधिक जड आणि अधिक महाग असते.

आपल्या भाषेत सांगावयाचे तर पहिली स्वारी आहे आणि दुसरी गाडी आहे. हा भेद आपल्या मुलखाला नवा नाही.

घोडा आणि खडखडा

राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) हे नामांकित शिकारी होते. दाजीपूर-राधानगरीचे रान हे कोल्हापूर दरबारचे शिकारीचे रान. माळावरील काळविटांच्या शिकारीसाठी कोल्हापुरात चित्ते पाळले जात. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता छकड्यातून माळावर नेत आणि कळप टप्प्यात येताच त्याला मोकळे करीत. महाराजांचा ‘खडखडा’, म्हणजे ते स्वतः हाकीत ती घोड्यांची गाडी, आजही कोल्हापूर-निपाणीकडील जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. रानडुकराची शिकार मात्र घोड्यावर मांड टाकून, हाती भाला घेऊन, खाचखळग्यांतून भरधाव पाठलाग करून होत असे.

याच शिकारीने कोल्हापूरच्या राजघराण्यावर फार मोठा आघात केला. महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी हे १९१८ साली रानडुकराचा पाठलाग करीत असता घोड्यावरून पडून मृत्यू पावले. त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. बालवयातच विधवा झालेल्या स्नुषेस, इंदुमती राणीसाहेबांस, महाराजांनी सोनतळी येथे ठेवून शिक्षण दिले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. कोल्हापुरातील प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंगचे नाव आपण नेहमी घेतो, परंतु त्या नावामागे एका तरुणाचा अपघाती मृत्यू आहे याची आठवण क्वचितच होते.

घोडा उमदा होता आणि स्वार तयारीचा होता. तरीही खडबडीत जमीन, वेग, सावजावर खिळलेली नजर आणि उघडी बैठक या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, ते त्या घटनेने दाखविले. एटीव्हीच्या अपघातातही बहुधा याच चार गोष्टी आढळतात.

यंत्रांचा इतिहास काय सांगतो

या वाहनांचा आरंभ १९७० साली होंडाच्या तीनचाकी गाडीने झाला. वळताना ती सहज कलंडत असे. मुलांच्या मृत्यूंची संख्या वाढल्यावर अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात करार होऊन १९८८ पासून नव्या तीनचाकी गाड्यांची विक्री तेथे थांबली. १९८२ साली सुझुकीने आणलेली चारचाकी रचना पुढे रूढ झाली.

२००३ च्या सुमारास यामाहाच्या ‘ऱ्हायनो’ने साइड-बाय-साइडला लोकप्रियता मिळवून दिली. बसावयास खुर्ची व धरावयास स्टिअरिंग असल्यामुळे लोकांनी तिला मोटारच मानले आणि सपाट जागीही वेगात वळविली. गाड्या उलटल्या. बाहेर आलेले हातपाय सांगाड्याखाली चिरडले गेले. अखेर २००९ मध्ये अमेरिकेतील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सहकार्याने या गाड्यांच्या मोफत दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. म्हणजे सांगाडा असला तरी माणूस पट्ट्याने बांधलेला नसेल, तर त्या सांगाड्याचा उपयोग नाही.

याउलट सांगाड्याचे महत्त्व ट्रॅक्टरने सिद्ध केले. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक सांगाडा सक्तीचा केला आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढील काळात झपाट्याने घटले. औषधाविना प्राण वाचविणाऱ्या उपायांत याची गणना करावयास हरकत नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

हे वाक्य आम्ही बालरोगतज्ज्ञ विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतो. वाहनाच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे.

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. शरीराचा गुरुत्वमध्य वर असल्याने तोल लवकर जातो आणि पडताना डोके आधी आपटते. बरगड्या लवचीक असतात, त्यामुळे त्या न मोडताही आतील फुप्फुसास जखम होऊ शकते. पोटाची भिंत पातळ असते आणि यकृत व प्लीहा बरगड्यांच्या आडोशाला पुरते झाकलेले नसतात. हँडल पोटात घुसल्यास वर केवळ वळ दिसतो आणि आत रक्तस्राव चालू असतो.

एटीव्हीचा तोल बराचसा स्वाराच्या हालचालीवर अवलंबून असतो. चढावर पुढे झुकावे लागते, उतारावर मागे सरकावे लागते, वळणावर आतल्या बाजूला कलावे लागते. वीस-पंचवीस किलोच्या मुलाने कितीही अंग झोकले तरी तीनशे किलोच्या यंत्रावर त्याचा परिणाम होत नाही. मागे दुसरा माणूस बसला तर प्रौढ चालकालाही मोकळे हलता येत नाही. गाडी उलटून अंगावर पडली की छाती दाबली जाते आणि हाड न मोडताही श्वास कोंडून मूल दगावू शकते.

याला निर्णयशक्तीच्या अपुऱ्या वाढीची जोड द्यावी लागते. वेगाचा अंदाज घेणे आणि मोह आवरणे हे मेंदूचे काम किशोरवयानंतरही परिपक्व होत राहते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सोळा वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवू नये असे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. साइड-बाय-साइडचे उत्पादकही चालकाचे वय किमान सोळा असावे असे बजावतात. शेजारी बसणाऱ्याची पाठ खुर्चीला टेकली पाहिजे, पाय तळाला सपाट टेकले पाहिजेत आणि हात मुठीपर्यंत पोहोचला पाहिजे, अशी त्यांची अट असते. ज्या मुलाला हे जमत नाही त्याला मांडीवर घेऊनही बसवू नये.

मग निवड कोणती?

जेथे शिकार कायदेशीर आहे अशा देशात राहणाऱ्या आप्तांनी विचारल्यास उत्तर असे द्यावे. एकटाच अनुभवी प्रौढ असेल, वाट अरुंद व झाडीची असेल आणि ओझे थोडे असेल, तर एटीव्ही सोयीची. ती कमी जागेत वळते आणि लहान ट्रेलरवरून नेता येते. मात्र पुढच्या-मागच्या रॅकवर ठरावीक वजनापेक्षा अधिक लादू नये. मारलेले हरिण मागच्या रॅकवर बांधून चढ चढणे म्हणजे गाडी मागे उलटण्यास निमंत्रण.

सोबत कोणी असेल, ओझे जड असेल, चालकाची कंबर वा गुडघे दुखत असतील, तर साइड-बाय-साइड घ्यावी. सीटबेल्ट, बाजूची जाळी आणि हेल्मेट या तिन्हींशिवाय ती जागची हलवू नये. गाडी कलंडू लागल्यास हात-पाय आतच ठेवावेत. कोणत्याही वाहनावर बंदूक रिकामी करून व आवरणात ठेवूनच न्यावी.

घरात मुले असतील तर तुलना येथेच संपते. अशा घराने एटीव्ही टाळावी आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

आपल्याकडे मात्र शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदी आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबतही अधिकृत अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून काही करता येत नाही. भीमगड अभयारण्याच्या वाटा वनखात्याच्या नियमांनी चालतात. ज्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात दरबारी शिकार होत असे, तेच १९५८ साली अभयारण्य झाले, हा बदल आपण अभिमानाने सांगावा.

आपली एटीव्ही: ट्रॅक्टर आणि दुचाकी

निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर या भागांत मुलांना रानात नेणारी वाहने निराळी आहेत. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेला नातू, उसाच्या ट्रॉलीच्या जोडावर उभी राहिलेली पोरे, मोटारसायकलच्या टाकीवर बसविलेले दोन वर्षांचे बाळ ही दृश्ये आपल्या नित्याची झाली आहेत. त्या उघड्या बैठकीला एटीव्हीचे सारे दोष लागू पडतात, आणि खाली चाकही मोठे असते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा व हेल्मेट बांधणे आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरपेक्षा अधिक न ठेवणे २०२३ पासून बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालविल्यास पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने केली.

अपघात झाल्यास

गाडी अंगावर असल्यास प्रथम इंजिन बंद करावे, मग चार माणसांनी मिळून ती उचलावी. मुलाला खेचून काढू नये. मान हलू न देता फळीवर घ्यावे. वाहते रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावे. पाणी, चहा काहीही पाजू नये. १०८ हा क्रमांक कर्नाटक व महाराष्ट्र दोहोंकडे चालतो. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, तर बेळगाव सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर आहे. अशा वेळी राज्याची सीमा पाहू नये, शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय पाहावे.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. हँडल पोटात लागलेले मूल हसत-खेळत आले तरी त्याला लगेच घरी पाठवू नये. नाडी, रक्तदाब आणि पोटाचा घेर पुनःपुन्हा तपासावा, सोनोग्राफी करावी व निदान चोवीस तास देखरेखीखाली ठेवावे. वाढलेली नाडी हे रक्तस्रावाचे पहिले लक्षण असते. मुलांचा रक्तदाब अगदी शेवटी उतरतो आणि तो उतरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सारांश

१. एकट्या अनुभवी प्रौढासाठी एटीव्ही, सोबत्यासाठी व ओझ्यासाठी साइड-बाय-साइड.
२. सोळा वर्षांखालील मुलाने दोहोंपैकी काहीही चालवू नये.
३. सांगाडा आणि सीटबेल्ट ही जोडी आहे. एकावाचून दुसरे निरुपयोगी.
४. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणीही बसू नये.
५. पोटावरील वळ हलका समजू नये.

लसीकरणाच्या वेळी आपण मातापित्यांना आहार आणि स्वच्छता सांगतो. त्यातच एक प्रश्न जोडावा: ‘बाळाला शेतावर कशावर बसवून नेता?’ तो विचारावयास अर्धा मिनिटही लागत नाही.