आकड्यावर डबल-क्लिक

स्केचअपमध्ये कपाटाची बाजू ओढली की तिच्यावरचं माप आपोआप बदलतं. या गोष्टीवर आपला इतका भरवसा बसतो की एखादं माप बदलत नाहीये, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आकड्यावर डबल-क्लिक करून तिथे काहीही टाइप करता येतं. एकदा आकडा टाइप केला की खालची रेघ कितीही सरको, वरचा आकडा ढिम्म.

पुण्यातल्या एका स्वयंपाकघराचं काम माझ्याकडे साइटपुरतं होतं. मॉडेल दुसऱ्या ऑफिसातून आलं होतं. फ्रिजच्या जागेवर कुणीतरी हाताने ‘७५० फ्रिज’ असं टाइप केलं होतं. तेव्हा जागा होतीही तेवढीच. पुढे घरच्यांना शेजारचं टॉल युनिट मोठं हवं झालं. ते ६०० चं ६४० केलं, त्याचं माप निमूट बदललं आणि फ्रिजला उरले ७१०. कागदावर मात्र ७५० च. मिस्त्रींनी कागदाप्रमाणे युनिटं कापली, लॅमिनेट लावलं, उभी केली. फ्रिज आला ७२० चा! “मॅडम, मी कागदाबाहेर एक सूत गेलो नाही,” मिस्त्री म्हणाले, आणि खरंच गेले नव्हते. युनिट पुन्हा उघडायचं तर पैसे कुणी द्यायचे, यावर वाद. तोवर फ्रिज हॉलमध्ये.

मापासोबत शब्द लिहायला हरकत नाही, पण आकडा टाइप करू नका. आकड्याच्या जागी <> ही खूण ठेवून पुढे ‘फ्रिज’ लिहा. खरं माप तिथे येत राहतं. आधीच कुणी टाइप केलं असेल तर सगळा मजकूर पुसून टाका, मूळ आकडा परत येतो. दुसऱ्याची फाइल आली की मी शंका येईल त्या प्रत्येक मापावर हेच करते. कंटाळवाणं काम आहे, पण प्लाय कापल्यावर बोलाचाली करण्यापेक्षा बरं.

बाण काढून लिहिण्याच्या टेक्स्ट टूलची तऱ्हाही अशीच. पृष्ठभागावर क्लिक केलं की क्षेत्रफळ छान लिहून येतं, पण ते त्या क्षणाचं. नंतर आकार बदलला तरी ते बदलत नाही. ग्रॅनाइटचा हिशेब त्यावरून कधीच देऊ नये. आणि मापाआधी ~ दिसलं तर तो आकडा जवळपासचा आहे. युनिट्समध्ये जाऊन दशांश वाढवा, मग ६०० म्हणून मिरवणारं माप ५९९.६ निघतं.

स्केचअप बनवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे: टाइप केलेलं माप, कुठलंही सेटिंग न शोधता, पहिल्यापासूनच वेगळ्या रंगात दिसू दे. तोवर भिंतीचं एकूण माप कागदावर वेगळं द्या आणि कापणीआधी मिस्त्रींकडून सुट्या मापांची बेरीज करून घ्या. पुण्याच्या त्या स्वयंपाकघराच्या कागदावर ती ३०४० येत होती. भिंत ३००० ची होती.