सनद हाती आलेल्या भाचीस

पोरी, तू लोणारच्याच कोर्टात वकिली करायचं ठरवलंस, मला मनापासून आनंद झाला. येत्या काळात तुझ्या टेबलासमोर वरचेवर येऊन बसेल तो गुंठा-दीड गुंठा घेतलेला माणूस. हातात मळकी प्लास्टिकची पिशवी, तीत घडीवर फाटत आलेला नोटरीचा करारनामा, आणि म्हणणं एकच : ‘वकीलबाई, तुकडेबंदी उठली म्हणतात, आता माझं नाव सातबाऱ्यावर चढवून द्या.’

त्याला लगेच हो म्हणू नकोस. आधी तारीख विचार. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं असे व्यवहार रद्दबातल ठरत होते. पुढे 2017 च्या दुरुस्तीनं बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरून ते नियमित करायची वाट काढली. ती गरिबाला परवडली नाही, म्हणून 2024 मध्ये 5 टक्के झाले, आणि नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशानं तेही माफ झाले. पण ही माफी 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातल्या व्यवहारांनाच आहे. त्या वर्षीच्या दिवाळीत घेतलेला प्लॉट तीत बसत नाही. तारखेनंतर जागा बघ. नगरपरिषदेची हद्द, योजनेत अकृषिक वापराला दाखवलेला भाग, गावठाणालगतची जमीन, इथवरच ही सवलत. बाकी वावराला तुकडेबंदी कायम आहे : ऑगस्ट 2023 पासून जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे. त्याखालच्या खरेदीचा मसुदा करून देऊ नकोस, पक्षकार कितीही गळ घालो.

आता मुख्य गोष्ट. सरकारनं माफ केला तो तुकड्याचा दोष. मालकीचा दोष कुणी माफ केलेला नाही. नोंदणीकृत खरेदीखत असेल आणि नाव फक्त फेरफारात अडकलं असेल, तर काम अर्जाचं आणि पाठपुराव्याचं आहे, फीही तेवढीच घे. पण कागद निव्वळ नोटरीचा असेल तर त्यानं मालकी येत नाही, हे त्याला पहिल्याच भेटीत सांग. मुद्रांक शुल्क भरून खरेदीखत नोंदवावं लागेल. त्यासाठी विकणारा हयात आहे का, नसेल तर वारस किती, मुली कुठे दिल्या, सगळे सही द्यायला येतील का, हे त्याच्याच तोंडून लिहून घे. वारसांनी नकार दिला तर करार पुरा करून मागण्याचा दावा लावावा लागतो आणि त्याला मुदत तीन वर्षांची. करारात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर मुदत तिथून मोजतात, नसेल तर नकार कळल्यापासून. पुष्कळांची मुदत केव्हाच गेलेली असते. अशा माणसाला खोटी आशा दाखवून वकीलपत्र घेणं मला पाप वाटतं.

लोणारात आणखी एक बघावं लागतं. दैत्यसूदनाचं मंदिर केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, आणि ते ऐन गावात आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढे आणखी 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. सरोवराच्या बाजूला अभयारण्याची हद्द आहे. सातबारा स्वच्छ झाला तरी घर उठेलच असं नाही. म्हणून प्लॉटचा नकाशा समोर घेतल्याशिवाय सल्ला देऊ नकोस.

भावाभावांच्या वाटपातही हीच काळजी. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी 2025 मध्ये माफ झाली, त्यामुळे लोक उत्साहानं येतात. पण 35 गुंठे जिरायत दोघांत समान वाटलं तर दोघांच्याही वाट्याला तुकडाच येतो. कोर्टाचा हुकूमनामा आणला तरी प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं आणि तिथे गाडी अडते. एकानं जमीन घ्यावी, दुसऱ्यानं मोबदला, ही बोलणी दाव्याआधीच करून बघ. वाट्यासाठी बहीण आली तर तिला कोर्ट फीची धास्ती असते. मिळकतीच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी 1994 पासून माफ आहे, हे तिला आधी सांग.

प्रतिज्ञापत्रांचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 रुपयांच्या मुद्रांकाचे 500 झाले, तेव्हापासून दाखल्यासाठी आलेल्या पोरांनाही 500 चा कागद घ्यायला लावतात. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी आणि कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासूनच माफ आहे. साध्या कागदावर करून दे. कुणी हरकत घेतली तर दाखवायला त्या आदेशाची प्रत फायलीत ठेव. आणि अध्यादेश असो की दुरुस्ती, व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीवरून सल्ला देऊ नकोस. राजपत्रातला मजकूर काढ, त्यातल्या तारखा लाल शाईनं अधोरेखित कर, आणि पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखव.